विश्लेषण : सहावी ते आठवीला विज्ञान कोण शिकवते? अहिल्यानगरच्या पालकांनी हा प्रश्न का विचारायला हवा?

मुलाला गणित कोण शिकवते, इंग्रजी कोण शिकवते, हे बहुतेक पालकांना ठाऊक असते. सहावी, सातवी, आठवीचे विज्ञान कोण शिकवते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता असते. विज्ञानाचा पेपर नसतो. दहावी अजून लांब असते. त्यामुळे या तीन वर्षांतले विज्ञान ‘पुस्तक वाचून होईल’ अशा समजुतीवर सोडले जाते. पण याच तीन वर्षांत विज्ञान-गणितासाठी शाळेत शिक्षक असलाच पाहिजे, असे कायदा सांगतो. तो कोण असतो, त्याने काय करणे अपेक्षित आहे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात त्याच्यापुढे कोणत्या अडचणी आहेत आणि तो नसेल तर पालकांनी काय करावे, याचा हा आढावा.

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन गट केले. पहिल्या गटात शिक्षकांची संख्या केवळ पटावर ठरते. दुसऱ्या गटासाठी मात्र कायद्याच्या परिशिष्टात विषयही लिहिलेले आहेत. विज्ञान व गणितासाठी किमान एक, सामाजिक शास्त्रांसाठी किमान एक आणि भाषांसाठी किमान एक शिक्षक असावा, शिवाय दर ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, अशी ती तरतूद आहे.

सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे, असेही कायदा म्हणतो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की या ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे. म्हणजे उद्याच्या प्रयोगासाठी साहित्य जमवणे आणि तो आधी स्वतः करून पाहणे, हे शिक्षकाचे फावल्या वेळातले काम नसून नोकरीचाच भाग आहे.

एक बारकावा इथेच लक्षात घ्यायला हवा. विज्ञान आणि गणित मिळून एक शिक्षक, असे कायदा म्हणतो. त्यामुळे छोट्या शाळेत विज्ञानाचे सर किंवा मॅडम गणितही शिकवतात. वेळ कमी पडला की कात्री कोणत्या विषयाला लागते, हे वेगळे सांगायला नको. गणिताचे उदाहरण सुटले नाही तर वहीत दिसते. न झालेला प्रयोग कुठेच दिसत नाही.

हा शिक्षक होण्यासाठी काय लागते?

सहावी ते आठवीच्या विज्ञान-गणित शिक्षकाला त्या विषयांची पदवी, अध्यापनाची पदविका किंवा पदवी आणि शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटीचा दुसरा पेपर आवश्यक असतो. हा पेपर १५० गुणांचा असतो. त्यातले ९० गुण बालमानसशास्त्र आणि दोन भाषांना असतात. उरलेले ६० गुण उमेदवार निवडेल त्या गटाला, म्हणजे गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांना असतात. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या गटाला ६० टक्के, राखीव गटाला ५५ टक्के गुण लागतात. भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून होते. नेमणूक झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. या काळात मिळणारे मानधन २०२३ मध्ये महिन्याला ६ हजारांवरून १६ हजार रुपये झाले.

जिल्हा परिषदेच्या शाळांत आणखी एक वाट आहे. डी.एड. करून प्राथमिक शिक्षक झालेल्यांना पदवीनंतर सहावी ते आठवीसाठी पदवीधर शिक्षक म्हणून घेतले जाते. पण नोकरी करता करता पदवी घेणाऱ्या अनेकांनी कला शाखा निवडली, कारण विज्ञानाच्या पदवीला प्रात्यक्षिके आणि प्रयोगशाळेतली हजेरी लागते. त्यामुळे भाषा आणि समाजशास्त्राला शिक्षक मिळतो, विज्ञानाला शोधावा लागतो.

त्यात आता टीईटीचा नवा पेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नोकरीपुरती सवलत आहे, पदोन्नतीसाठी नाही. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकांनाही आता परीक्षेला बसावे लागणार आहे.

विषयाचा शिक्षक असला-नसला, तर फरक काय पडतो?

एक ओळखीचा प्रयोग घेऊ. बशीत पाणी घ्यायचे, मध्ये मेणबत्ती पेटवायची आणि वरून काचेचा ग्लास पालथा घालायचा. थोड्या वेळात मेणबत्ती विझते आणि ग्लासात पाणी वर चढते. याचे सर्रास सांगितले जाणारे स्पष्टीकरण असे, की मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला आणि ती जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो आणि पाणीही साधारण तेवढेच चढल्यासारखे दिसते. त्यामुळे उत्तर पटते.

पण ते बरोबर नाही. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून तोच ग्लास ठेवला, तर पाणी जास्त चढते. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच आहे! शिवाय नीट पाहिले तर पाणी मुख्यतः मेणबत्ती विझताना आणि विझल्यानंतर चढते. खरे कारण उष्णतेत आहे. ज्योतीमुळे हवा तापून प्रसरण पावते आणि तिचा काही भाग ग्लास ठेवतानाच बाहेर जातो. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. शिवाय बंद ग्लासात मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवतच नाही; त्याआधीच विझते.

विषय न शिकलेला शिक्षक पहिल्या उत्तरावर थांबतो, कारण पुढे प्रश्न आहे हेच त्याला ठाऊक नसते. विषयाचा शिक्षक वर्गाला विचारतो, ‘तीन मेणबत्त्या लावल्या तर काय होईल? आधी वहीत लिहा, मग करून पाहू.’ अंदाज बांधणे, करून पाहणे, अंदाज चुकला तर कारण शोधणे, या पद्धतीला विज्ञान म्हणतात. नुसत्या वाचनाने ती येत नाही.

ही पद्धत याच वयात रुजवणे सोपे असते. सहावीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात साधी यंत्रे, चुंबक, ध्वनी, छाया असे हाताला लागणारे विषय आहेत. सातवीत स्थितिक विद्युत, पेशी, भौतिक व रासायनिक बदल येतात. आठवीत थेट अणूचे अंतरंग, धाराविद्युत, आम्ल-आम्लारी आणि रासायनिक बंध. म्हणजे तीन वर्षांत मूल डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंपासून न दिसणाऱ्या अणूपर्यंत जाते. ही उडी पाठांतराने मारली, तर नववीत पाय घसरतो. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात विज्ञानाचा देशपातळीवरचा सरासरी गुणांक आठवीत ५०० पैकी २५० होता. दहावीत तो २०६ होता.

प्रयोगशाळा नसेल तर?

जिल्हा परिषदेच्या सातवी-आठवीपर्यंतच्या शाळेत स्वतंत्र प्रयोगशाळा क्वचितच असते. एखादे कपाट असते. जिथे पाचवी ते दहावी एकत्र आहे, अशा संस्थांच्या शाळांत प्रयोगशाळा असते. पण दहावीच्या प्रात्यक्षिकांसाठी ती राखून ठेवली जाते आणि सहावीची मुले बाहेरूनच बाटल्या पाहतात.

या वयोगटाच्या बहुतेक प्रयोगांना मात्र महागडे साहित्य लागत नाही. आम्ल-आम्लारी ओळखायला लिटमस नसेल तर हळद चालते. कपड्यावरचा वरणाचा डाग साबण लावताच लालसर होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळदीचे पाणी लावून वाळवलेला कागद चुन्याच्या निवळीत बुडवला की लाल होतो, लिंबाच्या रसात पिवळाच राहतो. शिक्षकाचे काम इतकेच, की घरात पाहिलेल्या डागाला आठवीच्या धड्याशी जोडायचे.

महाराष्ट्रात या विचाराची परंपरा आहे. पुण्यातून काम करणारे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी तयार केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करता करता शिकण्यावर भर दिला. पाबळ पुणे जिल्ह्यात असले, तरी पारनेर तालुक्याला ते जवळ आहे.

जिल्हाच प्रयोगशाळा कसा होतो?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके. पश्चिमेला अकोल्यात कळसूबाईचे १,६४६ मीटर उंच शिखर आणि धो धो पाऊस. पूर्वेला, दक्षिणेला पर्जन्यछायेतले कोरडे तालुके. पुस्तकातल्या धड्यांची उदाहरणे इथे शिवारात सापडतात. तीन पाहू.

पहिले, हिवरे बाजार. नगर तालुक्यातले हे गाव पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाच्या कामासाठी देशभर ओळखले गेले. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावात पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून मग पिके ठरतात. शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर गावाने स्वतःच बंदी घातली आहे. या ताळेबंदामागचे गणित सातवीचा विद्यार्थी करू शकतो. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी झाले. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका हेक्टरवर ४० लाख लिटर. हे सगळे पाणी आपल्याला मिळत नाही. काही वाहून जाते, काहीची वाफ होते, उरलेले मुरते. ‘भौतिक राशींचे मापन’ हा सातवीचा धडा आणि आपल्या विहिरीला मार्चमध्ये पाणी राहील का, हा प्रश्न अशा रीतीने एकाच वहीत येतात. त्यासाठी सरळ उभ्या भिंतींचा डबा आणि पट्टी एवढे साहित्य पुरते.

दुसरे, प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांचा पट्टा. राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव भागात कालव्याच्या पाण्याने ऊस आला, साखर कारखाने आले. त्याचबरोबर पाण्याचा निचरा न झालेल्या काही जमिनी क्षारपड आणि चोपण झाल्या. चोपण जमिनीचा सामू ८.५ च्या वर असतो. सोडियममुळे मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही. त्यावर जिप्सम टाकतात, म्हणजे कॅल्शिअम सोडियमची जागा घेतो. आठवीतला आम्ल-आम्लारीचा धडा याहून चांगल्या उदाहरणाने शिकवता येणार नाही. २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेवर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब हे सगळे छापलेले असते. मुलांनी घरची पत्रिका वर्गात आणली आणि शिक्षकाने ती वाचायला शिकवली, तर ती पत्रिका घरात पहिल्यांदाच नीट वाचली जाण्याची शक्यता आहे. (हळदीच्या कागदावर मातीचा नेमका सामू कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच जावे लागते, हेही सांगायला हवे.)

तिसरे, अकोल्याचा बिबट्या. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील शेतजमिनीत कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या खाण्याच्या अभ्यासात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. आठवीच्या पुस्तकात ‘परिसंस्था’ हा धडा आहे. त्यात अन्नसाखळी हरीण आणि वाघाची असो वा गवत आणि नाकतोड्याची, इथल्या मुलासाठी खरी साखळी उघड्यावरचा कचरा, त्यावर जगणारी कुत्री आणि कुत्र्यांमागे उसापर्यंत येणारा बिबट्या अशी आहे. ती समजली, तर कचरा आवरणे, अंधारात मुलांनी एकटे न जाणे, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करताना सावध राहणे, या सूचनांमागचे कारण कळते. भीती आणि अफवा या दोन्हींवरचा उतारा इथून सुरू होतो.

विज्ञानाचा तास जीव वाचवू शकतो का?

सर्पदंशाच्या बाबतीत, होय. राज्यात वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे चार विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सरकारी रुग्णालयांत मिळणारे प्रतिविष या चौघांच्याही विषावर चालते. साप मारून आणण्याची किंवा ओळखत बसण्याची गरज नसते. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाची जागा फारशी दुखत नाही, त्यामुळे ‘काही नाही झाले’ असे वाटते आणि पहाटेपर्यंत श्वास अडखळू लागतो.

जखम कापायची नाही, घट्ट दोरी आवळायची नाही, चावलेला अवयव कमीत कमी हलवायचा आणि १०८ वर फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठायचे. ही चार वाक्ये सातवीतल्या मुलाला पाठ असली आणि त्यामागचे कारण समजलेले असले, तर मांत्रिकाकडे नेण्यात जाणारा अर्धा तास वाचतो. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-अ नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. शाळेच्या पातळीवर त्या कर्तव्याचा अर्थ इतका साधा असतो. घरातल्या कोणाचाही अपमान न करता ‘आधी दवाखाना’ एवढे म्हणायची हिंमत मुलाला यावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे काय?

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले बरोबर गेली तर दुसरे सत्र जवळपास पूर्ण बुडते. भाषेचा एखादा धडा बुडाला तर पुढचा वाचता येतो. विज्ञानात तसे होत नाही. सातवीत ‘मूलद्रव्ये, संयुगे आणि मिश्रणे’ बुडाले, तर आठवीत ‘द्रव्याचे संघटन’ आणि ‘रासायनिक बंध’ डोक्यावरून जातात.

यासाठी हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड या योजना आहेत. कार्डामुळे मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. पण कोणता धडा झाला आणि कोणती संकल्पना राहिली, हे विषय शिक्षकच सांगू शकतो. जून-जुलैमध्ये या मुलांसाठी मागच्या वर्षीचे तीन-चार पायाभूत प्रयोग पुन्हा करून घेणे हे त्याचे सर्वांत मोलाचे काम ठरू शकते. मात्र तशी सोय वेळापत्रकात कुठेही लिहिलेली नसते.

परीक्षा आणि शिष्यवृत्तीचा संबंध काय?

आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही, हा समज आता जुना झाला. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. आठवीत प्रत्येक विषयाची परीक्षा ६० गुणांची असून उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे २१ गुण लागतात. विज्ञानही त्यात आहे. कमी पडल्यास मार्गदर्शन करून पुनर्परीक्षा घेतात. त्यातही अनुत्तीर्ण झाल्यास विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवता येते.

दुसरा संबंध थेट पैशांचा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची एनएमएमएस परीक्षा आठवीत असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेली, शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतली मुले तिला बसू शकतात. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. यातल्या शालेय क्षमता चाचणीच्या ९० प्रश्नांपैकी ३५ सामान्य विज्ञानाचे, तर २० गणिताचे असतात. शिष्यवृत्ती परीक्षेत नसलेले विज्ञान इथे गणितापेक्षा जड भरते.

‘इन्स्पायर-मानक’ ही केंद्राची योजना सहावीपासूनच्या मुलांसाठी आहे. शाळा मुलांच्या नावीन्यपूर्ण कल्पना ऑनलाइन पाठवते. निवड झालेल्या कल्पनेचे प्रारूप बनवण्यासाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीला देता येते. या तिन्ही ठिकाणी मुलाचे नाव वेळेत जायचे, तर शाळेत कोणीतरी ते लक्षात ठेवणारे लागते. ते काम बहुधा विज्ञान शिक्षकाच्याच गळ्यात असते. तो नसेल, तर तारीख कधी उलटून गेली हेही कळत नाही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण पटाची. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयामुळे सहावी ते आठवीचा पट कमी असलेल्या शाळांना शिक्षक मिळणार नाहीत, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे. डोंगरातली, वस्त्यांवरची शाळा छोटी असणारच. अकोल्याच्या आदिवासी पाड्यावरच्या किंवा पारनेरच्या पठारावरच्या मुलीसाठी शाळेत विज्ञान शिक्षक नसणे म्हणजे पुढची शाळा लांब असणे, आणि अनेकदा शिक्षण तिथेच थांबणे.

दुसरी अडचण वेळेची. कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. राज्याने २०२४ मध्ये शैक्षणिक-अशैक्षणिक कामांचे वर्गीकरणही केले. पण ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, वेगवेगळ्या अॅपवरची छायाचित्रे ही कामे शाळेची म्हणूनच येतात. संगणक जमतो म्हणून ती अनेक शाळांत विज्ञानाच्या शिक्षकाकडे सरकतात. जनगणनेची प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे ऐन दुसऱ्या सत्रात ठरलेली आहे.

तिसरी अडचण एकटेपणाची. गावात मराठीच्या शिक्षकाला बोलायला दहा जण मिळतात. तीन मेणबत्त्यांचा प्रयोग का फसला, हे विचारायला विज्ञान शिक्षकाला दहा-पंधरा किलोमीटरवर दुसरा विज्ञान शिक्षक असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची शिफारस केली आहे. ते तास व्हिडीओ पाहण्यात जातात की केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र बसून प्रयोग करण्यात, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

पालकांनी काय विचारावे?

सुरुवात तक्रारीने करू नये, प्रश्नाने करावी. सहावी ते आठवीचे विज्ञान कोण शिकवते आणि त्यांचा पदवीचा विषय कोणता? या महिन्यात कोणते प्रयोग झाले आणि ते मुलांनी स्वतः केले का? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात ‘प्रात्यक्षिक/प्रयोग’ हे एक साधन आहे आणि आकारिक गुणांत ते धरता येते. त्यामुळे त्याच्या नोंदी विचारणे गैर नाही. मुलाची वही उघडूनही बरेच कळते. पुस्तकातली उत्तरे उतरवलेली आहेत, की ‘माझा अंदाज’, ‘मी काय पाहिले’ असेही काही लिहिले आहे?

शाळेत विज्ञान शिक्षकच नसेल, तर मार्ग शाळा व्यवस्थापन समितीतून जातो. या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते. समितीच्या ठरावात ‘विज्ञान-गणित विषय शिक्षकाचे पद रिक्त’ असे स्पष्ट लिहून तो केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. ‘शिक्षक कमी आहेत’ असा मोघम अर्ज पटाच्या आकड्यावर फेटाळला जाऊ शकतो. विषयाचे नाव घातलेला अर्ज थेट कायद्याच्या परिशिष्टावर बोट ठेवतो. बालकाच्या हक्काबाबत लेखी तक्रार आल्यास स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे कलम ३२ सांगते. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

आणि शाळेत विज्ञान शिक्षक असेल, तर त्याला हवी असलेली मदत छोटी असते. गावात गॅरेज, वेल्डिंगचे दुकान, दूध संकलन केंद्र, मेडिकल, आरोग्य केंद्र असते. दुधाचे फॅट कसे मोजतात, मोटार जळते म्हणजे काय होते, हे अर्धा तास येऊन दाखवणारा माणूस प्रत्येक गावात आहे. त्याला वर्गात आणायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. येत्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर हा एक विषय काढला, तरी सुरुवात होईल.